डंडीचा ब्रायन

भारतातून कुणी फोनवर विचारलं, "डंडी म्हणजे नक्की कुठे गं?", तर हल्ली मी नकाशा समजावत बसत नाही. 'सक्सेशन' या अमेरिकन मालिकेतला तो खडूस, शिवराळ म्हातारा आठवतो ना, लोगन रॉय, त्याचं स्कॉटलंडमधलं गाव, एवढं सांगते. लगेच कळतं.

खरं तर मालिका सुरू झाली तेव्हा लोगन रॉय डंडीचा नव्हताच. हा माणूस कॅनडातल्या क्वेबेकचा, असं ती भूमिका करणाऱ्या ब्रायन कॉक्सला सांगण्यात आलं होतं. पहिला सीझन संपत आला तेव्हा लेखकांनी परस्पर त्याचा जन्म डंडीत नेऊन टाकला, म्हणजे थेट कॉक्सच्याच गावात. दुसऱ्या सीझनमधला एक अख्खा भाग इथे घडतो आणि त्याचं शूटिंग टे नदीकाठच्या व्ही अँड ए संग्रहालयातही झालं. तेव्हापासून जग असं समजतं की हा नट सत्तरी ओलांडल्यावर उगवला. डंडीत असं म्हणून बघा, समोरचा तुम्हाला अर्धा तास सोडणार नाही.

कॉक्सचा जन्म 1946 चा. वडिलांचं छोटं दुकान होतं, उधारीवर माल देणारं. तो आठ वर्षांचा असताना ते गेले आणि आई मनानं पार कोलमडली. थोरल्या बहिणींनी त्याला वाढवलं. फिश अँड चिप्सच्या दुकानात जाऊन कढईत उरलेला तळणीचा चुरा मागून आणायचा, ही आठवण तो अजून सांगतो. त्याची आई तागाच्या गिरणीत सूत कातायची. आपल्याकडच्या पोत्यांचा हा ताग, बंगालातून जहाजं भरून इथे यायचा आणि देवमाशाच्या तेलानं मऊ करून कातला जायचा. व्हर्डंट वर्क्स नावाच्या जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. तिथे प्रात्यक्षिकासाठी यंत्रं चालू करतात तेव्हा शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. गिरणीतल्या बायका म्हणे ओठांच्या हालचाली वाचून आणि हातवाऱ्यांनी गप्पा मारायच्या. मुंबईच्या गिरणगावातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

शाळा सुटली तसा पोरगा पंधराव्या वर्षाच्या आसपास डंडी रेपर्टरी थिएटरमध्ये लागला. काम काय, तर पडेल ते. रंगमंच पुसणं, निरोप पोचवणं, मधूनच एखादी बारकी भूमिका. पहिल्याच दिवशी तिथे नटांची हाणामारी चाललेली बघायला मिळाली, असं तो रंगवून सांगतो.

या 'रेप'ची पद्धत आपल्यापेक्षा उलटी. आपल्याकडे एकच नाटक घेऊन बस गावोगाव फिरते आणि त्याचे शेकडो प्रयोग होतात. इथे पगारी नटसंच एका गावात मुक्कामाला असायचा आणि नाटकं बदलत राहायची. आज राजा झालेला नट पुढच्या नाटकात बटलर. आपली 'इमेज' जपायला कुणाला फुरसतच नसे. कॉक्सच्या अष्टपैलूपणाचं मूळ मला यात दिसतं. उपजत प्रतिभा वगैरे असेलच, पण हा रियाज कसा विसरायचा?

पुढे लंडनला लॅम्डा या नाट्यशाळेत शिक्षण आणि 1965 मध्ये एडिंबरातल्या रॉयल लायसियमच्या पहिल्यावहिल्या नटसंचात जागा. 1987 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत त्यानं टायटस अँड्रॉनिकस केला आणि त्यासाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळवला. त्याच दिग्दर्शिकेबरोबर, डेबोरा वॉर्नरबरोबर, 1990 मध्ये नॅशनल थिएटरला लिअर केला. आपण मराठी माणसं लिअरला शिरवाडकरांच्या बेलवलकरांमधून ओळखतो, त्यामुळे राजा म्हटलं की मला आधी भारदस्त आवाज ऐकू येतो. कॉक्सचा लिअर मात्र पहिल्याच प्रवेशात व्हीलचेअरवरून आला. ते नाटक जगभर फिरलं, सोबतीला 'तिसरा रिचर्ड'. लिअरमध्ये इयान मॅकेलन केंट व्हायचा आणि दुसऱ्या नाटकात मॅकेलन रिचर्ड असताना कॉक्स बकिंगहॅम. अशी अदलाबदल मला फार आवडते.

सिनेमातलं नशीब जरा चमत्कारिक. हॅनिबल लेक्टर हा नरभक्षक खुनी पडद्यावर पहिल्यांदा साकारला तो यानं, 1986 च्या 'मॅनहंटर'मध्ये. पांढऱ्याशुभ्र कोठडीतले मोजकेच प्रसंग, शांत आवाज, डोळे वटारणं नाही की काही नाही. पीटर मॅन्युएल या खऱ्या स्कॉटिश खुन्याचा विचार त्यामागे होता. पाच वर्षांनी अँथनी हॉपकिन्सनं तीच भूमिका केली, ऑस्कर नेला आणि लोक पहिल्याला विसरले. माझं मत विचाराल तर अंगावर काटा कॉक्स जास्त आणतो. नंतर 'ब्रेव्हहार्ट'मधला काका, 'एक्स-मेन'च्या दुसऱ्या भागातला खलनायक, न्यूरेंबर्ग खटल्यावरच्या मालिकेतला नाझी नेता गोरिंग (त्यासाठी एमी पुरस्कार), अशी यादी लांबत जाते.

पण इथल्या लोकांचा लाडका म्हणजे बॉब सर्व्हंट. ब्रॉटी फेरी या डंडीच्या समुद्राकडच्या उपनगरातला चीजबर्गरच्या गाडीवाला. अफाट बढाईखोर आणि तितकाच भोळा. आधी रेडिओवर, मग 2013 मध्ये टीव्हीवर तो निवडणुकीला उभा राहतो. 'सक्सेशन'नंतर हे बघा. तोच चेहरा आणि तोच घोगरा आवाज, पण लोगनच्या तोंडून ज्या फुशारकीची धडकी भरते, तीच बॉबच्या तोंडी आली की हसून पोट दुखतं.

2025 च्या जुलैमध्ये तो पुन्हा डंडी रेपमध्ये उभा राहिला. 2008 मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड गाळात गेली, त्यावर जेम्स ग्रॅहमनं लिहिलेलं 'मेक इट हॅपन' हे नाटक. मुख्य पात्र बँकेचा बॉस फ्रेड गुडविन, ती भूमिका सँडी ग्रिअरसनची. कॉक्स त्यात अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथचं भूत झाला होता. एकोणऐंशी वर्षांचा, जगप्रसिद्ध माणूस आणि भूमिका दुसऱ्याच्या नाटकातल्या भुताची! त्याच वर्षी त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमाही आला, 'ग्लेनरोथन', सोबत स्कॉटिश नट अ‍ॅलन कमिंग. तो बघितला की त्यावर वेगळं लिहीन, कारण कमिंग हा आणखी एक अवलिया आहे आणि त्याला दोन ओळींत उरकणं बरोबर नाही.