काकांचा डावा हात

वाद्याला पोरं पहिल्या दिवसापासून पेटीच म्हणायची. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत मेमध्ये उन्हाळी शिबिर घेत होतो. प्लायवूडच्या फळीवर तांब्याच्या टेपच्या बारा पट्ट्या, मागे रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक आणि मधे एमपीआर१२१ ही स्पर्श ओळखणारी चिप. तिला बरोबर बारा टोकं असतात आणि सप्तकात कोमल-तीव्र धरून स्वरही बाराच. हा योगायोग मला अजून आवडतो. पट्ट्यांऐवजी संत्री लावा, असं भेटेल तो सुचवायचा. मेमध्ये नागपुरी संत्रं आणायचं कुठून?

सुरुवातीला बोट ठेवल्यावर सूर रेंगाळत यायचा. ऑडिओ बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची जागा, ४०९६ नमुन्यांचा होता. सेकंदाला ४४,१०० च्या हिशेबाने जवळपास ९३ मिलिसेकंद. तो ५१२ केला, काम झालं.

खरी फजिती शेवटच्या दिवशी, पालकांसमोर. रोजची पॉवर बँक उतरली होती, म्हणून कोणीतरी फोनचा चार्जर आणून दिला. सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर मिळणारा, दोन पिनांचा. 'सा'ला बोट लावलं की कोमल रे, शुद्ध ग आणि भलताच नी एकदम बोलायचे.

"सर, याच्यात भूत आहे!"

मी कूलरवर संशय घेतला. फळीवर ओल बसली असेल म्हणून तो बंद करायला लावला, पालक रुमालाने वारा घेत बसले. पट्ट्या पुसल्या. स्पर्शाची मर्यादा, म्हणजे किती बदल झाला की बोट लागलं मानायचं, १२ वरून २५ केली, तर खरी बोटंही ओळखेना.

एका मुलीचे आजोबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. सगळे त्यांना काकाच म्हणतात. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला बाहेर ठेवलं होतं, ते त्यांनी मला आल्या आल्या ऐकवलं होतं. "मींड निघत नाही म्हणत. तुझ्या फळीतून निघते का?" एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, ते नाही निघत, मी कबूल केलं.

ते म्हणाले, "पाहू दे बरं." बसले आणि भूपाचे पाच स्वर चढून-उतरून स्वच्छ वाजवले. एकही सूर आगाऊ नाही! लगेच नातीने हात लावला, पुन्हा गोंधळ.

मी परत काकांना बसवलं आणि या वेळी फक्त हात पाहिले. उजवा पट्ट्यांवर. डावा मात्र सवयीने मागे गेला होता, जिथे भाता असतो तिथे, आणि बोटं रास्पबेरी पायच्या यूएसबी खोबणीच्या धातूवर टेकली होती.

"बाबू, इथं हाताले मुंग्या येऊन राहिल्या ना."

चार्जर! चार्जिंगला लावलेला फोन कधीकधी आपोआप टाइप करतो, तोच प्रकार. त्या चार्जरला अर्थिंग नाही. त्याच्या आतला विजेचा गोंगाट सगळ्या सर्किटला हलवत होता आणि जमिनीवर उभ्या माणसाचं बोट लागलं की चिप फसत होती. यूएसबीचा धातू सर्किटच्या ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्ट धरलेल्या सामाईक तारेला, जोडलेला असतो. काकांचा डावा हात त्यावर असल्यामुळे ते आणि सर्किट एकत्रच हलत होते, म्हणून चिपला गोंगाट दिसतच नव्हता.

मुंग्या येणारा चार्जर आधी भिंतीतून उपटला. एका पालकाची पॉवर बँक मागून घेतली आणि फळीच्या मागच्या कडेला तांब्याची तेरावी पट्टी चिकटवून ग्राउंडला जोडली, डावा हात टेकायला. मर्यादा परत १२. कूलरही सुरू केला, सगळ्यात मोठा सुस्कारा तेव्हाच ऐकू आला.

संध्याकाळी आवराआवर करताना पाहिलं, तर त्या पट्टीशेजारी कोणीतरी स्केचपेनने लिहिलं होतं : भाता.