पाचशेची नोट

एसटी स्टँडच्या मागच्या गल्ल्यांत निरोध वाटत फिरणं हे माझं काम. वाटणं सोपं. अवघड आहे ती बोलणी. मुंबईचे प्रशिक्षक तिला ‘वाटाघाटी कौशल्य’ म्हणतात आणि तक्ते लावतात. धंदा करणाऱ्या बायका मला जे शिकवतात ते असं: पैसे आधी. निरोध, वेळ, फोटो नाही, खोलीत दुसरा माणूस नाही, हे सगळं दारातच, दिवा चालू असताना ठरवायचं. ‘तुम्हाला रोग असेल’ म्हणायचं नाही, गडी चिडतो. ‘घरी बायकोला काय घेऊन जाणार?’ म्हणायचं. निम्मे तिथंच गप होतात.

त्या सोमवारी सकाळी एकीचा फोन. “ताई, त्यानं मधीच निरोध काढला. मला मागनं कळलं.”

मी आधी विचारलं, किती वाजता? एचआयव्हीचा संसर्ग टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या बऱ्या. मग २८ दिवस एकही चुकवायची नाही. दुपारी पहिली गोळी पोटात गेली. डॉक्टरबाईंनी एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही, हे मुद्दाम लिहिते.

तिला तक्रार द्यायची होती. चौकीत साहेबांनी मान वर न करता विचारलं, “पैसे घेतले होतेस ना?”

सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेश माझ्या पिशवीत प्लास्टिकमध्ये घातलेला असतो: अत्याचार झालेल्या इतर कुठल्याही बाईला मिळते ती सगळी मदत हिलाही मिळाली पाहिजे. साहेबांनी तो चाळला. “यात निरोध काढल्याचं कलम कुठाय?” वेगळं कलम नाहीच. मी भारतीय न्याय संहितेचं बलात्काराचं कलम ६३ सांगितलं, की संमती त्या विशिष्ट कृतीपुरतीच असते. त्यांनी चहा मागवला.

मग मी हुकमाचं पान टाकलं. “साहेब, तिनं पैसे परत केलेत. जिन्यात त्याच्या अंगावर पाचशेची नोट फेकली.”

ते लिहायला बसले.

बाहेर आलो तेव्हा मी खुशीत होते. ती रिक्षात बसेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, नोट ठेवून घेतली असती तर माझं खरं नव्हतं व्हय? खोलीचं भाडं माझ्याच पदरचं गेलंय.”

परवा एका नव्या पोरीला बोलणी शिकवत होते. ‘पैसे आधी’ म्हणाले आणि पुढचं वाक्य सुचेना.