लॉन विकता विकता लॉन काढायला लागलो : आमची वाटचाल

पुणे-सोलापूर रस्त्याने लोणी काळभोर सोडून उरुळी कांचनकडे निघालं की नर्सऱ्याच नर्सऱ्या लागतात. त्यातलीच एक आमची. खडकवासल्याचा उजवा कालवा याच भागातून जातो, त्यामुळे पाण्याची ददात अशी नव्हती. अण्णांनी उसाचा एक तुकडा मोडून तिथे लॉन लावलं. तेव्हा पुण्याभोवती मंगल कार्यालयं, आयटी कंपन्या, फार्महाउस भराभर होत होती आणि सगळ्यांना लॉन हवं होतं, तेही आठ दिवसांत. मेक्सिकन आणि सिलेक्शन वन या दोन जातींवर आमचं घर उभं राहिलं. गवताच्या चौकोनी गाद्या फावड्याने काढायच्या, टेम्पोत रचायच्या, चौरस फुटाच्या भावाने मोजून द्यायच्या. पुढे नगरपालिकांच्या बागा मिळू लागल्या. सरकारी बिल उशिरा येतं, पण बाग मोठी असते, आणि दर उन्हाळ्यात लॉन थोडंफार जळतं, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा मागणी येतेच. निव्वळ धंदा म्हणून बघितलं तर लॉनसारखं पीक नाही.

मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले, कारण मैदानांना लागणारं पाणी. त्या वेळी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावची बाग आमच्याकडे देखभालीला होती. गावाला नळ आठवड्यातून एकदा, आणि आम्ही बागेत पाइप धरून उभे. आमचा माळी त्याच गावचा. तो लाजेने पहाटे अंधारातच पाणी देऊन मोकळा व्हायचा. पुढे बागेचा नळ तोडला गेला आणि 'पाण्याची व्यवस्था ठेकेदाराने करावी' ही करारातली ओळ आम्हाला दाखवण्यात आली. टँकर आमच्या खिशातून सुरू झाले. पाण्याचे पैसे स्वतः मोजायची वेळ आली तेव्हाच मी कागद-पेन घेऊन बसलो.

हिशेब अवघड नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात लॉन हिरवंगार ठेवायचं तर रोज पाच-सहा मिलिमीटर लागतं. म्हणजे गुंठ्याला दिवसाला ५०० ते ६०० लिटर, तेही सगळं मुळाशी पोचलं तर. पाइपने मारलेलं किती वाऱ्यावर गेलं आणि किती रस्त्यावर, ते वेगळंच. त्या बागेत ३० गुंठे लॉन होतं. रोजचे १५ ते १८ हजार लिटर! शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष धरला तर शंभरावर माणसांचं पाणी झालं.

हा आकडा डोक्यात घेऊन बागेत फिरताना पाट्या दिसल्या. 'हिरवळीवर बसू नये.' 'हिरवळीवर चालू नये.' या पाट्या मी जन्मभर वाचत आलोय, आमच्या गवताच्या काळजीपोटीच त्या लागतात. वॉचमन शिट्टी घेऊन बसलेला. पोरं कोपऱ्यातल्या उघड्या मातीवर खेळतायत आणि म्हातारी मंडळी बाकावर. ज्या गवतावर पायच ठेवायचा नाही, तिथे गवत कशाला? तरवडासारखं कमी पाण्यावर जगणारं झुडूप लावलं तरी ते तितकंच हिरवं दिसेल, वर पिवळी फुलं. त्या दिवसापासून आमची पाहणी अशीच सुरू होते: पाटी कुठे आहे ते बघायचं आणि तिथलं लॉन आधी काढायचं. जिथे पोरं लोळतात, योगाच्या सतरंज्या पडतात, तिथलं ठेवायचं. नंतर वाचनात आलं, की अमेरिकेत लास वेगासच्या भागासाठी २०२१ मध्ये केलेला कायदा असाच आहे. नुसत्या शोभेच्या लॉनला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायचं नाही. खेळायच्या मैदानांना मात्र हरकत नाही.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अरे, गवत विकून घर चाललंय आणि तू गवत काढायचा ठेका घेणार?" त्यांचं चुकत नव्हतं. लॉनचं काम दरवर्षी फिरून येतं. तरवड-निर्गुडी एकदा लागली की गिऱ्हाईक आपल्याला विसरून जातं.

पहिलं काम मिळालं ते त्याच बागेत. लॉन काढणं म्हणजे गाद्या उचलल्या आणि झालं असं नसतं. मेक्सिकन निघतं सहज, पण खालची हरळी आणि लव्हाळा जात नाहीत. एप्रिलमध्ये जमीन एकदा भरपूर ओली करायची, वर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीत दाबायच्या आणि महिना-दीड महिना ऊन खाऊ द्यायचं. हरळी बरीचशी शिजते. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खोल असतात, पहिल्या पावसाला पुन्हा डोकं वर काढतात. त्यांना बायकांच्या हातची खुरपी हाच उपाय. लागवड जूनमध्ये पाऊस लागल्यावरच. पावसाळाभर मुळं खाली गेली की पुढचे दोन उन्हाळे ठिबकवर निभावतात, नंतर क्वचितच पाणी लागतं. आणि पालापाचोळा! पूर्वी तो कोपऱ्यात जाळायचे. आता तीन इंचाचा थर झाडांच्या बुडाशी पसरतो, ओल टिकते.

झाडं कुठून आणायची हाच मोठा पेच होता, कारण नर्सऱ्यांमध्ये (आमच्यासकट) होतं ते परदेशी आणि रंगीत. अडुळसा आणि निर्गुडी फांद्यांचे तुकडे लावून सहज होतात. तरवडाचं बी कठीण कवचाचं, गरम पाण्यातून काढावं लागतं. करवंदाचं उलट: बी वाळवून ठेवलं की उगवत नाही, फळ पिकल्या पिकल्याच पेरायचं. कोरांटी, धायटी, पवन्या गवत असं करत करत आज लॉनच्या निम्म्या वाफ्यांत ही रोपं आहेत. वेडेलिया आम्ही विकत नाही. स्वस्त आहे, भराभर पसरतं, दुभाजकांवर सगळीकडे दिसतं, पण इतकं मातून पसरतं की दुसरं काही जगू देत नाही. जलपिंपळी जमिनीलगत छान दाट होते, मात्र तिच्या फुलांवर मधमाश्या येतात, म्हणून पोरांच्या खेळाच्या जागी ती नको. कुसळी गवत पायवाटेजवळ लावलं तर लोकांच्या मोज्यांत कुसळं जातात आणि शिव्या आम्हाला मिळतात.

या सगळ्यात खरा वैरी लॉन नव्हेच, पेव्हर ब्लॉक. 'पाणी वाचवायचंय ना, मग ब्लॉक टाकून घेऊ' हे वाक्य मी एवढ्या टेबलांवर ऐकलंय! ब्लॉक टाकले की पावसाचं पाणी मुरायचं थांबतं आणि संध्याकाळी बाग तव्यासारखी तापलेली असते. प्लास्टिकच्या लॉनवर तर मे महिन्यात अनवाणी पाय ठेवून बघावा. तशी दोन-तीन चांगल्या पैशांची कामं आम्ही सोडली, त्यावरून घरात वादही झाले.

बिलाची गोष्ट वेगळीच. सरकारी कामांच्या दरांची यादी, म्हणजे दरसूची, तिच्यात लॉनचा दर चौरस मीटरवर असतो, त्यामुळे मोजमाप पुस्तकात लिहायला सोपं. एका कार्यालयात आमचं बिल कितीतरी महिने अडलं, कारण 'लॉन काढून मिश्र झुडपं लावणे' अशी बाबच त्यांच्या अंदाजपत्रकात बसेना. आता निविदा निघायच्या आधीच आम्ही अभियंत्यांसोबत बसून बाबी तोडून लिहून घेतो: खोदाई वेगळी, आच्छादन वेगळं, ठिबक वेगळं, आणि तीन वर्षांची देखभाल त्यातच. या देखभालीवरच आमची फर्म तगली आहे. पाण्याचं मीटर बसवल्याशिवाय काम घेत नाही, कारण मीटर नसेल तर पाणी वाचलं हे दाखवायचं कशाने?

लोकांची पहिली प्रतिक्रिया सगळीकडे सारखीच: बाग उजाड केली. प्लास्टिक अंथरलेलं असतं तेव्हा तर नगरसेवकांचे फोन येतात. फेब्रुवारीत पवन्या पिवळं पडलं की 'गवत मेलं' म्हणून पुन्हा फोन. ते मेलेलं नसतं, पण बिडीच्या थोटकाने पेटू शकतं, म्हणून त्या दिवसांत आम्ही ते बुडापासून कापून घेतो.

सध्या शेजारच्या तालुक्यातल्या एका बागेचं काम हातात आहे. तिथे हास्यक्लबची मंडळी पहिल्याच बैठकीला टेप घेऊन आली आणि आपल्या वर्तुळाला लागणारी जागा स्वतः मोजून गेली. तेवढं लॉन राहणार. गाद्या अण्णांच्याच वाफ्यातून जातील, आणि भाव तेच ठरवणार आहेत.