आठाचे बारा कसे झाले?

कॅन्सस सिटीत आमच्या घराजवळच्या फाटकावर गेल्या आठवड्यात एक मालगाडी पाऊण तास उभी होती. इंजिन बिघडले नव्हते. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांनी सांगितले की चालकांचे बारा तास भरले असणार. मग कायद्याने त्यांना गाडी पुढे नेता येत नाही आणि बदली जोडी मोटारीने येईपर्यंत डबे जेथे आहेत तेथेच राहतात. मागे खोळंबलेली माणसे चरफडत होती. मला मात्र भुसावळच्या लोको शेडमधले माझे आजोबा, आमचे नाना, आठवले. रात्री दोनला कामावर बोलावणारा कॉल बॉय दार ठोठावून जायचा, नाना लाइन बॉक्स, म्हणजे सामानाची पेटी, घेऊन बाहेर पडायचे आणि ते परत कधी येतील, हे आजीला कोणीही सांगू शकत नसे.

रेल्वे कामगारांच्या वेळेत सरकारने लक्ष घालावे की नाही, हा वाद याच शहरातील न्यायालयातून वॉशिंग्टनला गेला होता, हे मला त्या दिवशी समजले. 1916 मध्ये देशव्यापी संप अगदी तोंडावर आला, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, घाईघाईने ॲडमसन कायदा संमत करून रेल्वेत आठ तासांचा दिवस ठरवला. कंपन्या न्यायालयात गेल्या. ‘विल्सन विरुद्ध न्यू’ या खटल्यातील विल्सन म्हणजे राष्ट्राध्यक्ष नव्हेत, ते येथील सरकारी वकील. न्यू हे दिवाळखोरीत निघालेल्या एका रेल्वेचे न्यायालयनियुक्त व्यवस्थापक. 19 मार्च 1917 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने कायदा उचलून धरला. गंमत म्हणजे त्याच दिवशी पहाटे संपाच्या धास्तीने कंपन्यांनी मागण्या मान्य केल्या होत्या.

निकाल वाचून मी आधी भारावलो आणि मग माझे मन खट्टू झाले. सरन्यायाधीश व्हाइट यांनी कामाचे तास ठरवण्याचा आणि वाद मिटेपर्यंत तात्पुरते वेतन बांधून देण्याचा अधिकार काँग्रेसला दिला खरा, पण त्याच दमात असेही म्हटले की लोकांची वाहतूक ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या एकजुटीने काम सोडण्याच्या हक्कालाही मर्यादा येतात. म्हणजे जो हात कामगाराच्या पाठीवर ठेवला, त्यालाच त्याचे मनगट धरण्याची मुभा मिळाली. डिसेंबर 2022 मध्ये काँग्रेसने कायदा करून रेल्वे कामगारांवर वेतनकरार लादला, संप टाळला आणि आजारपणाच्या सात पगारी रजांचा प्रस्ताव मात्र सिनेटमध्ये अडकला. इतक्या श्रीमंत देशात तापाने फणफणलेल्या माणसाला रजेसाठी हात पसरावे लागतात, हे मला अजूनही पचलेले नाही.

“तुमच्याकडे असा कायदा आहे का?” असे शेजाऱ्यांनी विचारताच मी ताठ मानेने 1974 चा संप सांगितला: सुमारे 17 लाख रेल्वे कामगार, वीस दिवस, जॉर्ज फर्नांडिस, आणि लोको कामगारांची आठ तासांची जुनी मागणी. हजारोंना तुरुंगात टाकले, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या आणि संप बिनशर्त मागे घ्यावा लागला, एवढे मी गाळले. घरची लक्तरे परक्याच्या ओसरीवर कशाला टांगायची? शिवाय त्यांनीही त्या सात रजांचा विषय आपणहून काढला नव्हता.

रात्री फोनवर नानांना सारी हकीकत सांगितली. त्यांनी लगेच विचारले, “अरे, कायदा आठाचा ना? मग आठाचे बारा कसे झाले?” आठ तास पगार मोजण्यासाठी होते, त्यापुढचे काम जादा वेळेत धरले जाई, आणि बारा ही सुरक्षिततेसाठी वेगळ्या कायद्याने घातलेली मर्यादा आहे, ती आधी सोळा होती, असे मी समजावले. नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बदली जोडी पाऊण तासात आली म्हणतोस? आम्हाला मनमाडला रात्र रात्र थांबावे लागे.”