मुलांच्या तक्रारीला उत्तर कोणी द्यायचे?

निराधार मुलांना कुटुंबातच सांभाळण्यासाठी मिळणारे बालसंगोपन योजनेचे अनुदान थांबले, बालगृहातल्या नातवाला भेटू दिले नाही किंवा गृहभेटीचा अहवाल बालकल्याण समितीपुढे गेलाच नाही, अशा तक्रारी घेऊन ऐरोली-घणसोलीकडची माणसे बहुधा प्रथम महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात जातात, आणि तिथून त्यांना परत पाठवले जाते. पाणी, रस्ते आणि पालिकेच्या शाळा हे विषय पालिकेचे असले, तरी निराधार आणि संकटग्रस्त मुलांची जबाबदारी आपल्याकडे जिल्ह्याची आहे. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे ती बालकल्याण समितीकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असते. त्यातही नवी मुंबईची एक अडचण वेगळी आहे: बेलापूर आणि वाशी ठाणे जिल्ह्यात, तर शेजारचे खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. त्यामुळे खारघरच्या आजीला जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागायची, तर अलिबागचा पत्ता लिहावा लागतो. ओळखीच्या काही कुटुंबांना मी अर्ज लिहून देते, आणि सर्वात आधी जिल्हा कोणता हेच विचारून घेते.

त्यानंतरचा प्रश्न असतो तो तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हा. समितीने दिलेला आदेश मान्य नसेल, तर कलम 101 प्रमाणे आदेशाच्या तारखेपासून 30 दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालन (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणे) आणि प्रायोजकत्व (मुलासाठी आर्थिक मदत) याबाबतच्या निर्णयांवरील अपील मात्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडेच, जाते. आदेशाबद्दल नव्हे, तर समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल, म्हणजे सुनावणी वारंवार पुढे ढकलली गेली, नातेवाइकांचे ऐकूनच घेतले नाही किंवा मुलाला अपमानास्पद वागणूक मिळाली, तर कलम 27 प्रमाणे तक्रार निवारणाचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. बाधित बालक किंवा त्याच्याशी संबंधित कोणतीही व्यक्ती त्यांच्याकडे तक्रार करू शकते, आणि 2021 च्या दुरुस्तीनुसार दोन्ही बाजूंना ऐकून घेऊन त्यांनी आदेश द्यायचा असतो. हे दोन मार्ग एकमेकांत मिसळले की फार नुकसान होते. आदेशाविरुद्धचे गाऱ्हाणे अनेक जण साध्या अर्जात लिहून देतात, उत्तराची वाट पाहत बसतात आणि तोवर अपिलाची मुदत निघून जाते.

माझा मुख्य आक्षेप मात्र मार्गांवर नाही, त्या मार्गांवर तक्रारीचे पुढे काय होते यावर आहे. ज्या कक्षाविरुद्ध तक्रार असते, त्याच कक्षाकडे ती ‘पुढील कार्यवाहीसाठी’ पाठवली जाते. ज्या कर्मचाऱ्याने गृहभेट दिली नाही, तोच खुलासा लिहितो आणि त्या खुलाशावर प्रकरण निकाली निघते. या साऱ्यात मुलाला कोणीही काही विचारत नाही.

इंग्लंडमध्ये ही सेवा स्थानिक प्राधिकरणाकडेच असते आणि तिच्याविषयीच्या तक्रारींसाठी 1989 च्या बालक अधिनियमाखाली तीन टप्पे ठरवलेले आहेत. पहिल्या टप्प्यात स्थानिक पातळीवर सामान्यतः 10 कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. दुसऱ्या टप्प्यात कामकाजाच्या 25 दिवसांत, आणि प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर जास्तीत जास्त कामकाजाच्या 65 दिवसांत चौकशी पूर्ण करायची असते, आणि त्या चौकशीवर प्राधिकरणाच्या सेवेत नसलेली एक स्वतंत्र व्यक्ती नेमावी लागते. तिसऱ्या टप्प्यात पुनर्विलोकन मंडळ बसते आणि त्यानंतरही समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. तक्रार करणाऱ्या मुलाच्या बाजूने बोलणारा प्रतिनिधी मिळवून देण्याची जबाबदारीही प्राधिकरणाची असते. तिथेही मुदती टळतात आणि त्याबद्दल लोकपाल प्राधिकरणांना दोषी ठरवत आले आहेत. पण मुदत लिहिलेली असल्यामुळेच ती टळली असे म्हणता येते. आपल्या कलम 27 मध्ये जिल्हादंडाधिकाऱ्यांनी किती दिवसांत आदेश द्यावा, हे लिहिलेले नाही.

कायद्यात मुलांचा विचार नाही, असे मात्र नाही. सहा वर्षांवरील मुले राहतात त्या प्रत्येक संस्थेत मुलांची समिती असावी, आणि तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा संस्थेला भेट द्यावी, असे कायदा सांगतो. नियमांत मुलांसाठी सूचनापेटीचीही तरतूद आहे. पण ती पेटी अधीक्षकांच्या दाराशी टांगलेली असेल, तर अधीक्षकांबद्दल तिच्यात चिठ्ठी टाकण्याचे धैर्य कोणते मूल करील? पेटी मुलांच्या राहण्याच्या जागेजवळ असावी, तिची किल्ली संस्थेबाहेरच्या व्यक्तीकडे असावी आणि ती मुलांसमोर उघडली जावी. मला या गोष्टी अत्यंत गंभीर वाटतात, कारण त्या मुलाला संध्याकाळी त्याच इमारतीत जेवायचे आणि झोपायचे असते.

भीती घरीही असते. 2023 पासून बालसंगोपनाचे अनुदान मुलामागे दरमहा 2,250 रुपये आहे, आणि ज्या घरात आजीच्या धुण्याभांड्यांवर दोन नातवंडे शिकतात, तिथे या रकमेवर शाळेची रिक्षा आणि किराणा अवलंबून असतो. “ताई, तक्रार केली आणि पोरांनाच उचलून नेलं तर?” हा प्रश्न मी एकाहून अधिक घरांत ऐकला आहे. अशा आजीला नुसते ‘न घाबरता अर्ज करा’ म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तिच्यासोबत कार्यालयात जाणारे कोणीतरी असावे लागते, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नये. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, त्यात विहित नमुन्यात आधी अर्ज देता येतो. उत्तरच आले नाही, तर माहिती अधिकाराखाली अर्जावरील कार्यवाहीची नोंद मागावी. ती 30 दिवसांत मिळायला हवी. महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडेही तक्रार करता येते. मूल तातडीच्या धोक्यात असेल, तर यातल्या कशाचीही वाट न पाहता 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करावा.

वैतागून मुलाचा फोटो आणि नाव व्हॉट्सॲपच्या गटांत टाकणाऱ्यांना मात्र मी कळकळीने थांबवते. अशा मुलाची ओळख उघड करणे हा कलम 74 प्रमाणे गुन्हा आहे, आणि एकदा पसरलेला फोटो त्या मुलाच्या शाळेपर्यंत पोहोचतोच.

ठाणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाकडे माझी मागणी अशी आहे की, प्रत्येक तक्रारीच्या पोचपावतीवर उत्तराची तारीख लिहावी, चौकशी त्या कक्षाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे द्यावी आणि निर्णय झाल्यावर तो मुलाला त्याच्या भाषेत, त्याच्या विश्वासातल्या मोठ्या माणसासमोर समजावून सांगावा. पहिल्या दोन गोष्टींसाठी जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे. तिसरीसाठी मराठी न येणाऱ्या मुलांकरिता दुभाषे लागतील, आणि ठाणे-कल्याणच्या रेल्वे फलाटांवर सापडणारी मुले किती दूरदूरच्या राज्यांतून येतात हे पाहता, त्यांची व्यवस्था सर्वांत आधी सुरू करायला हवी.