टॅक्सीनं कुणी गड चढतं का? – नाफ्प्लिओचा माझा अनुभव

ग्रीसला जायचं म्हटल्यावर सगळ्यांनी सांतोरिनीचंच नाव घेतलं. बाबांना पांढरी घरं बघण्यात रस नव्हता, त्यांना बुरूज हवे होते. उभा जन्म सह्याद्रीत भटकण्यात गेलेला माणूस. म्हणून ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावरचं नाफ्प्लिओ ठरलं. अथेन्सच्या आधी, १८२९ ते १८३४ या काळात, स्वतंत्र ग्रीसची राजधानी हे गाव होतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसाचा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज जिथे जास्त मुक्काम असेल त्या देशाकडे करायचा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. बाबांच्या फायलीत पेन्शनची कागदपत्रं आणि बँकेचं स्टेटमेंट लावलं. खरा वेळ गेला तो बोटांच्या ठशांत. वयामुळे बाबांची बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्राला रेघाच सापडेनात. ओल्या रुमालाने पुसून, जोर देऊन, शेवटी एकदाचे ठसे उमटले. बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर त्या दिवशी हाताशी वेळ ठेवा.

अथेन्सच्या विमानतळावरून एक्स ९३ क्रमांकाची बस थेट किफिसोस बस स्थानकावर जाते, शहरात शिरायची गरजच नाही. तिथून नाफ्प्लिओची बस. ग्रीसमधल्या या जिल्हा बसना सगळे 'क्तेल' म्हणतात. वाटेत कोरिंथची संयोगभूमी, म्हणजे दोन समुद्रांमधला जमिनीचा चिंचोळा पट्टा लागतो. तिथला १८९३ साली खुला झालेला कालवा बघायचा तर खिडकीला डोळे लावूनच बसावं लागतं, क्षणात मागे पडतो. पुढे आर्गोस, संत्र्यांच्या बागा आणि गाव जवळ आलं की रस्त्याला लागूनच तिरिन्स या प्राचीन नगरीच्या प्रचंड दगडी भिंती. अडीच तासांच्या आतबाहेर बस आपल्याला जुन्या गावाच्या तोंडाशी सोडते. तिथून पुढे सगळं पायी.

पालामिदी किल्ला गावाच्या डोक्यावरच उभा आहे, २१६ मीटर उंच. वर गाडीरस्ता जातो, म्हणून मी आपलं विचारलं, "बाबा, टॅक्सी करूया का? गुडघा…"

"टॅक्सीनं कुणी गड चढतं का? तुला बसायचं तर बस खुशाल टॅक्सीत."

पायऱ्या ९९९ आहेत असं गावातलं कुणीही सांगतं. आम्ही दोघांनी मोजल्या. आकडे जुळले नाहीत, पण दोघांचेही नऊशेच्या आतच होते. चढण पश्चिमेच्या अंगाला असल्यामुळे सकाळी सावली मिळते. दुपारी दगड तापतो आणि वाटेत पाण्याची सोय नाही, तेव्हा पाणी खालूनच न्या. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. बाबा दर वळणावर थांबायचे, "बघ, खाली बंदर कसं दिसतंय," म्हणायचे आणि दम खायचे. मीही तेच करत होते, फक्त कारण न सांगता.

व्हेनिसवाल्यांनी हा किल्ला १७११ ते १७१४ मध्ये बांधला, एकेक बुरूज स्वतंत्र लढेल असा. आणि दुसऱ्याच वर्षी तो तुर्कांच्या हाती गेला! बाबा यावर बराच वेळ हळहळले. "माणसंच पुरेशी नसतील तर बुरूज काय करणार," असा त्यांचा निकाल. १८२२ च्या नोव्हेंबरअखेरीस ग्रीकांनी तो रात्रीतून घेतला. ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धाचा मोठा सेनानी कोलोकोत्रोनिस. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यालाच राजद्रोहाच्या आरोपाखाली १८३४ मध्ये देहदंडाची शिक्षा झाली. त्याची म्हणून दाखवतात ती कोठडी म्हणजे नुसतं बीळ आहे, वाकून आत शिरावं लागतं. पॉलिझोइदिस आणि तेर्त्सेतिस या दोन न्यायाधीशांनी त्या निकालावर सही करायला नकार दिला होता. पुढे कोलोकोत्रोनिसला माफी मिळाली. या दोघांचे पुतळे खाली कोर्टासमोर आहेत. मला किल्ल्यापेक्षा ते पुतळेच जास्त आवडले.

संध्याकाळी संत स्पिरिदोनच्या चर्चपाशी गेलो. चर्च इतकं लहान की गल्लीत शोधावं लागतं. ९ ऑक्टोबर १८३१ रोजी सकाळी प्रार्थनेला येताना देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याचा इथे दारातच खून झाला. मारणारे 'मानी' नावाच्या भागातल्या मावरोमिखालिस घराण्यातले, त्यांचा कुलप्रमुख कापोदिस्त्रियासने तुरुंगात टाकला होता. भिंतीवरची गोळीची खूण काचेआड जपून ठेवली आहे.

बंदरात बुर्त्झी नावाचा छोटा जलदुर्ग आहे, १४७३ चा. धक्क्यावरून बोटी मिळतात. एकोणिसाव्या शतकात गावकऱ्यांना जल्लाद शेजारी नको होते म्हणून त्यांना तिथे ठेवत. संग्रहालय सिंतग्मा चौकात, व्हेनिसवाल्यांच्या जुन्या कोठारात आहे. तिथलं देन्द्रा गावाजवळ सापडलेलं कांस्य चिलखत चुकवू नका, साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे.

बरेच जण मायसीनी आणि एपिदाव्रोस ही जवळची प्राचीन अवशेषांची ठिकाणं आणि नाफ्प्लिओ एकाच दिवसात उरकतात. त्यात दुपारी तासभर जेवणापुरतं गाव मिळतं, गड फक्त खालून दिसतो. इथे मुक्काम करा, त्या दोन जागा इथूनच बसने करा. रविवारी बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ उतरल्या उतरल्या स्थानकावर विचारून घ्या. उतरताना मात्र बाबा टॅक्सीला हो म्हणाले. गड चढायचा असतो, उतरण्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही, म्हणे.