पाण्याखालची भीड चेपताना

दुबईत समुद्र रोज दिसतो, परंतु स्कूबा करायचे असेल, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून त्याच्या पोटात शिरायचे असेल, तर इथली मंडळी बहुधा हजर पर्वत ओलांडून फुजैराला जातात. ओमानच्या आखातावरील अल अका येथे स्नूपी आयलंड नावाचे खडकाळ बेट आहे. पाणी उथळ असल्याने किनाऱ्यावरूनच चालत आत उतरता येते, म्हणून नवशिक्यांसाठी ही जागा सोयीची आहे.

पट्टीचे पोहणारे स्कूबा लवकर शिकतात, हा समज मला तरी पटलेला नाही. पोहणाऱ्याला श्वास रोखण्याची सवय असते आणि येथे पहिला नियमच असा की, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथे छातीत भरलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि ती बाहेर सोडली नाही, तर फुप्फुसाला इजा होऊ शकते.

माझा खरा कस लागला तो मास्कच्या सरावात. गुडघ्यांवर बसून मास्कची कड किंचित सैल करायची, पाणी डोळ्यांपर्यंत चढू द्यायचे, मग वरची कड कपाळाशी दाबून, मान थोडी मागे झुकवून नाकाने सावकाश हवा सोडायची, की पाणी खालून निघून जाते. ऐकायला सोपे आहे. मात्र नाकाला खारट पाणी लागताच जीव घाबरा होतो आणि शरीर वर पळू पाहते. अशा वेळी तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला पुरवणारे साधन, हवा देतच असतो, हे बुद्धीला ठाऊक असते, पण शरीराला ते पटायला पुष्कळ वेळा पाणी भरून घ्यावे लागते. कानांना दडे बसण्याचे त्या मानाने सोपे : दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबत राहावे.

पाण्यात अधांतरी तरंगणे हा सर्वांत सुखाचा धडा होता. श्वास घेतला की क्षणभराने शरीर वर उचलले जाते, सोडला की खाली येते. हात मारून काही साधत नाही. घाबरलेला माणूस छाती भरलेलीच ठेवतो, म्हणून वर तरंगतो, मग कमरेला जास्त वजन बांधतो आणि सिलिंडरही लवकर संपवतो.

तारकर्ली-मालवणला हौशी पर्यटकाला प्रशिक्षक शेवटपर्यंत धरून नेतो. मजा येते, पण धीर त्याचाच असतो. सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा काटा २०० बारवरून (बार हे दाबाचे एकक) किती उतरला ते स्वतः पाहून जोडीदाराला बोटांनी सांगणे, ५० बार शिल्लक असतानाच वर पोचणे आणि वाटेत पाच मीटरवर तीन मिनिटे थांबणे, एवढे अंगवळणी पडले, तेव्हा माझी भीड चेपली. प्राथमिक प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येते. सुट्टीत गावी निघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे : एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील, तर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.